डेड स्पेस

आमच्या कॉम्प्लेक्समधले तीन गाळे जोडून दातांचा झकपक दवाखाना करायचं ठरलं आणि हातोड्यांच्या वरातीतून इंटिरियरवाल्या बाई अवतरल्या. त्यांनी आधी नकाशात पाहिलं, मग जिन्याखाली, आणि मिस्त्रींना फर्मावलं, “ही डेड स्पेस आहे, नुसती वाया गेलेली जागा. इथे भिंत घाला, दवाखान्याचा पंप आत टाकू.”

त्या डेड स्पेसमध्ये वसंतराव वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत बसलेत. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. “बाई, मी वारलो कधी? घरी कळवायला हवं.”

मी तर टाळीच वाजवली! या जमातीचा मला मनस्वी राग आहे. हे लोक नकाशा वरून काढतात. वरून माणसाचं फक्त टक्कल दिसतं, आणि टक्कल कुणी कागदावर काढत नाही.

“काका, प्लॅनमध्ये तुम्ही नाहीच आहात,” बाई म्हणाल्या. “मिस्त्री, दोरी मारा.”

मिस्त्रींनी निळीत बुडवलेली दोरी जमिनीलगत ताणली, मान खाली घातली आणि दोरी चिमटीत उचलून सोडली. भिंतीची रेघ थोडी फरशीवर उमटली, थोडी वसंतरावांच्या पावलांवर.

त्यांनी पाय हलवले नाहीत. भिंग पुन्हा डोळ्याला लावत म्हणाले, “उमटली ना नीट? बांधा आता.”