बाईंचा तिसरा स्वर

"आधी त्याला सांगा, मग वाजवा," असं म्हणून बाई त्या टांगलेल्या काशाच्या मोठ्या गोंगला दोन बोटं हलकेच लावायच्या. आवाज होत नसे. झोपलेल्या माणसाला दचकवू नये म्हणून आपण आधी खांद्याला हात लावतो, तसा नुसता स्पर्श. मग कापड गुंडाळलेल्या मोगरीने एक ठोका. न सांगता मारलं की तो ओरडतो आणि सांगून मारलं की बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

बाई वारल्याची बातमी मागच्या महिन्यात आमच्या महाराष्ट्र मंडळात पोचली. कोणीतरी म्हणालं, "त्या तपेल्यांच्या बाई ना? संच बेसूर निघाला म्हणून क्लास बंद पडला त्यांचा." चार माना हलल्या. एकाने माझ्याकडे पाहिलं, कारण मंडळात सुरांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. मी चहाचा कप तोंडाला लावला. तो संच बेसूर नव्हता, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता लिहून ठेवतो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पुण्याच्या बँकेतून निवृत्त होऊन मी आणि ही ऑकलंडला मुलाकडे आलो होतो, न्यू लिनला. सामानात मी पेटी आणली होती. मी हौशी पेटीवाला, पण बऱ्यापैकी नाव असलेला. इथल्या मराठी मुलांना शिकवीन, असा बेत होता. तीन मुलं आली. उन्हाळा लागल्यावर ती टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घेऊन पोहायला जाऊ लागली, ती पुन्हा आली नाहीत.

त्याच सुमाराला शेजारच्या बाईंबरोबर सोबत म्हणून ही अवोन्डेलच्या एका हॉलमध्ये गेली आणि घरी येऊन म्हणाली, "अहो, तिथे काशाची तपेली पालथी घालून वाजवतात. छान वाटतं." पुढच्या शनिवारी ही एकटीच गेली. त्यापुढच्या शनिवारी मी मागोमाग गेलो. कशाला, ते आपण बायकोच्या मागे जाणाऱ्या नवऱ्यांना विचारू नये.

हॉलच्या दाराबाहेर जँडल्सची, म्हणजे रबरी चपलांची, रांग. आत जमिनीवर मांडी घालून दहा-बारा माणसं, आणि मधे उंच, हडकुळ्या, पिकल्या केसांच्या बाई. "किया ओरा," त्यांनी इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. माझं नाव विचारण्याआधीच हिने हाक मारली, "अहो, इकडे बसा." बाईंना वाटलं तेच माझं नाव. तेव्हापासून अख्खा वर्ग मला अहो म्हणू लागला. सामोअन बसड्रायव्हर अहो, विद्यापीठातली पोरं अहो. ही पदराआड हसली आणि कोणाचीही चूक सुधारली नाही.

बाईंची कारकीर्द तुम्हाला थोडक्यात सांगतो. आजोबा आयर्लंडचे, फिडल वाजवणारे. त्यांच्या मांडीशी बसून ही मुलगी कागदाशिवाय, नुसत्या कानाने शेकड्यांनी चाली शिकली. पुढे बासरीच्या अभ्यासासाठी जावा बेटाच्या पश्चिमेला, सुंदा लोकांकडे गेली. वर्षभरासाठी गेली ती लग्नसमारंभात वाजवण्याइतकी तिथली होऊन राहिली, आणि परतताना डॉक्टरेट आणि एक अख्खा काशाचा संच घेऊन आली. तो विद्यापीठाने घेतला आणि बाईंना शिकवायला ठेवलं. ठेवलं म्हणजे वर्षावर्षाच्या करारावर. उन्हाळ्याच्या सुटीत नोकरी संपायची, वर्ग उघडले की पुन्हा लागायची. बाई म्हणायच्या, "माझ्या आयरिश चाली विभागाला फार जवळच्या वाटतात आणि सुंदाच्या फार लांबच्या. मधलं काही शिकवायला मला येत नाही."

विद्यापीठाचा हा वर्ग शनिवारी अवोन्डेलच्या हॉलमध्ये सगळ्यांना खुला असे. तिथे त्या पहिला तास काशाचा संच शिकवत आणि चहानंतर आयरिश चाली. दोन्हीकडे पद्धत एकच. कागद नाही. त्या वाजवणार, आपण ऐकायचं, मग वाजवायचं. चुकलं तर, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही, "पुन्हा." कोणी फारच चुकलं तर, "स्वीट ॲज. पुन्हा, पण आता सगळे." म्हणजे चुकणारा एकटा पडत नसे. मी माझ्या विद्यार्थ्यांना चुकल्यावर काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी मी मोठ्याने म्हणालो की तुमचा तिसरा स्वर उतरला आहे. पेटीच्या कुठल्याच पट्टीवर तो बसत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. बाईंना राग आला नाही. त्या इतक्या खूश झाल्या की चहा निवून गेला तरी बोलत राहिल्या. सुंदा लोक स्वर वरून खाली मोजतात, पहिला सगळ्यात उंच. आणि प्रत्येक संचाचा सूर त्याचा त्याचा. ओतारी तो कानाने लावतो आणि संच एकमेकांत मिळालेला असतो, शेजारच्या गावच्या संचाशी मिळेलच असं नाही. "अहो," त्या म्हणाल्या, "हा स्वर तुमच्या कानाला पहिल्या दिवशी खुपला. माझ्या विद्यार्थ्यांना वर्षभर कळत नाही. काय कान आहे तुमचा."

या कौतुकाने कोणीही विरघळला असता. मी विरघळलो नाही, कारण त्याच क्षणी ही गोंगपाशी बसली होती आणि तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता तसा होता.

गोंगचं काम विचित्र. लांबलचक आवर्तन फिरत असतं, सगळे वाजवत असतात आणि गोंगवाला नुसता बसून असतो. आवर्तन पुरं होताना एकच ठोका. बाईंनी ते काम हिला दिलं होतं, आणि हिचा ठोका कधी चुकत नसे. घरी मी टोमणा मारला, "एकदा ढम् करायला आठवडाभर वाट बघतेस?" मग तिला सम म्हणजे काय ते समजावू लागलो.

ती सिंकपाशी होती. नळ बंद करून म्हणाली, "मला माहीत आहे सम. तुमच्या बैठकीत मी चहा समेवरच आणायचे. मधे आणला की तुम्ही डोळे वटारायचात."

मी म्हणालो, वाजवायची हौस होती तर कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

बाईंनी तर काहीच विचारलं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी नुसतं पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हिला थांबता येतं. हे शिकवता येत नाही." माझ्या घरात, माझ्या पेटीपासून चार पावलांवर जे होतं, ते एका परक्या बाईला तीन शनिवारांत दिसलं. त्या रात्री मी पेटी उघडली आणि न वाजवता मिटली. असूया ही तरुणांची गोष्ट आहे असं मला वाटत असे. तसं काही नसतं.

मी शनिवारी जात राहिलो. रागाने जात राहिलो म्हणा. ही आता भाजी चिरतानाही आधी सुरीला बोट लावायची आणि स्वतःशीच हसायची. मुलगा म्हणाला, "बाबा, आई किती हॅपी आहे बघा." मी बघतच होतो.

मग विद्यापीठाचा खर्च कापायची वेळ आली. हा संच ठेवायचा की काढून टाकायचा, ते ठरवायला दोन माणसं हॉलवर येणार होती. वाद्यांची अवस्था कशी आहे, हे त्यांना बाहेरच्या जाणकाराकडून ऐकायचं होतं. बाईंनी नाव सुचवलं माझं. "यांच्याइतका कान या शहरात नाही," असं त्यांनी सांगितलं होतं. मला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्या स्वतः बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. ही आत हॉलच्या स्वयंपाकघरात कप विसळत होती.

ती दोन माणसं सभ्य होती. त्यांनी विचारलं, वाद्यं सुरात आहेत का. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं.

आयुष्यभर गवयांनी मला ऐकवलं होतं की पेटीला सूर नाही, तिच्यात श्रुती बसत नाहीत, ती गाणं बिघडवते. असं बोलून पेटीवाल्याला कसं गप्प करता येतं, ते मला पक्कं माहीत होतं. मी तिसऱ्या स्वरावर ठोका दिला, मान हलवली आणि म्हणालो, "हा उतरलाय. जुना झाला की असा उतरतो. सगळा संच पुन्हा लावून घ्यावा लागेल, आणि तो लावणारा इथे कोणी नाही." त्यांनी आभार मानले.

तुम्ही म्हणाल, क्लास तसाही बंद झाला असता. असेल. ज्यांना खर्च कापायचा असतो ते दुसरं कारण शोधतात. ते मला फारसं छळत नाही. छळतं ते पुढचं. संच काढून टाकायचा निकाल आल्यावरच्या शनिवारी मी पोचलो तर बाई एकट्याच जमिनीवर बसून तिसरा स्वर वाजवत होत्या. वाजवायच्या, विरेपर्यंत ऐकायच्या, पुन्हा वाजवायच्या. सगळ्या जगाचे सूर कानात घेऊन फिरलेली ती बाई. मला पाहून म्हणाल्या, "अहो, खरंच उतरलाय का? मला ऐकू येत नाहीये. माझा कान गेला की काय?"

अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "थोडासा."

त्यांनी मोगरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "स्वीट ॲज." पुढचा 'पुन्हा' काही आला नाही.

संच पेट्यांत भरून गेला. कुठे गेला, कळलं नाही. बाई दक्षिण बेटावर एका शाळेत मुलांना आयरिश बासरी शिकवायला गेल्या. नाताळात त्यांचं कार्ड यायचं, पत्त्यावर हिच्या नावापुढे 'आणि अहो'. सुंदाचं संगीत त्यांनी पुन्हा शिकवलं नाही, असं ऐकलं. मंडळात मात्र मी माझा निवाडा चारचौघांत सांगत राहिलो, इतका की तोच खरा झाला.

हे लिहायला बसलो तेव्हा ही समोर मेथी निवडत होती, रविवारी अवोन्डेलच्या बाजारातून आणलेली. तिने विचारलं, कोणाला लिहिताय. मी म्हणालो, बाईंबद्दल लिहितोय, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती उठली. माझ्या खांद्याला तिने दोन बोटं लावली, अगदी हलकेच, आणि मला कळलं की आता ठोका येणार.

"त्या दिवशी स्वयंपाकघराची हॉलकडची खिडकी उघडी होती," ती म्हणाली.

इतकी वर्षं. मी विचारलं, मग बाईंना का नाही सांगितलंस. गोंग तर तुझाच गेला.

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. म्हणून थांबले." ती पुन्हा मेथीपाशी जाऊन बसली. "चुकलंच माझं. बाई जाईपर्यंत थांबायला नको होतं."

मग वर न बघता म्हणाली, "बाकी काय लिहायचं ते लिहा. तिसऱ्या स्वराचं तेवढं नीट लिहा."

तिसरा स्वर बरोबर होता.