आबांना सांगितलेली चव

शिरूरच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. वर्गात पंधरा-सोळा मुलं, त्यातली निम्मी भरतीच्या फॉर्मची तारीख मोबाइलवर शोधत बसलेली. त्यांना मी दरवर्षी विचारते, गुळाचा गोडवा गुळात असतो की आपल्या जिभेत? हाच प्रश्न एकदा मी माझ्या वडिलांना, आबांना, विचारला होता. ते म्हणाले, "जीभ घरी ठिवून ये आन् मग खाऊन बघ."

आबा भांडगावजवळच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. रस उकळून पाक झाला की कढई नेमकी कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. मालकांनी थर्मामीटर आणला होता. आबांनी तो खुंटीला टांगला, तो तिथेच राहिला. थेंबभर पाक पाण्यात सोडून ते बोटांत गोळी वळून बघायचे, पण शेवटचा निकाल नाकाचा. तळाला लागायच्या आधी वास बदलतो म्हणे. मला तो फरक कधी कळला नाही. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द या ज्ञानाच्या साधनांवर मी तासभर बोलू शकते, पण नाकाच्या बाबतीत ढ.

गेल्या हंगामात आबांना जोराचा ताप येऊन गेला. बरे झाले, कामावर गेले. एका रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेले, तेव्हा वाफ्यात, म्हणजे पाक ओतायच्या उथळ हौदात, गूळ निवत होता. आबांनी कडेचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"खा. कसा हाय सांग."

मी खाल्ला. गोड होताच, पण शेवटी जिभेच्या मुळाशी कडसर लागलं. किंचित करपट. पण गुऱ्हाळावर हातात दिलेल्या गुळाला आमच्याकडे कुणी नाव ठेवत नाही. पाहुणा असो, वाटसरू असो, "झकास" म्हणतो आणि दुसरा खडा मागतो. मीही म्हटलं, "झकास झालाय, आबा."

"नीट सांग. वास?"

"वासही छान आहे."

ते मान हलवून पुढच्या कढईकडे वळले. आबांनी आजवर कुणाला वास विचारला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. धूर दिसला की आग असणार, हे फळ्यावर लिहिणारी मी!

त्या दिवसाचा सगळा गूळ तसाच उतरला. आठवड्याने मालक घरी आले. व्यापाऱ्याने माल परत पाठवला होता. त्यांनी रुमालातून एक खडा काढून आबांपुढे ठेवला. आबांनी तो तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

"मला न्हाई कळत, मालक," ते म्हणाले. "तापापासनं वास गेलाय. चव बी न्हाई. म्या आधीच सांगाया पायजे हुतं. चूक माझीच हाय."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. पोरीला विचारलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मीही गप्प राहिले. निदान तेव्हा तरी कुठली रीत माझ्या आड येत नव्हती. मालक भला माणूस. "आराम करा आता, आबा," म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात उत्तर प्रदेशातला गुळव्या कामावर आला.

वर्गात मी सांगते, की भरवशाच्या माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं साधन आहे. जो जाणतो आणि जसं आहे तसं सांगतो, तो भरवशाचा. हल्ली तो भाग मी भरभर उरकते. फार लाज वाटते. आबांचे डोळे शाबूत होते, बोटं शाबूत होती. गेलेल्या नाकाच्या जागी त्यांनी मला धरलं होतं, आणि मी शिष्टाचार पाळत बसले.

मागच्या शनिवारी घरी गेले होते. पिठलं मीच केलं, आबांना वाढलं, समोर बसले. घास घेण्याआधी ते थांबले. अलीकडे प्रत्येक जेवणात ते मीठ विचारून घेतात. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मागच्या दारी भांडी घासत असलेल्या आईला हाक मारली.

"अगं, जरा हिकडं ये. मीठ बराबर हाय का बघ."

आई ओल्या हातानं आली, बोटभर चाखून "हाय बराबर" म्हणाली. मग आबा जेवू लागले.