पाचवं ठिकाण: माझा थोरला भाऊ

नणंद असून मी भावजयीची बाजू घेते, याचं लोकांना भारी नवल वाटतं. वाटू दे. सख्खा भाऊ आहे म्हणून चोराला साव म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी मी शिकले नसते.

आम्ही तीन भावंडं. थोरल्याचं किनाऱ्यावर प्रवाशांसाठी घर आहे, वर खोल्या आणि खाली जेवणघर. मधला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. माझी धक्क्यावर चहाची टपरी. बोटीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यासमोरून जातो, त्यामुळे बेटावर कुठे काय शिजतंय ते मला विचारावं लागत नाही.

मधल्याला एक खूळ होतं. आमच्याकडे भरतीबरोबर चपला येतात. बूट येतात, सपाता येतात, लहान पोरांचे सँडल येतात. कुठून सुटतात देव जाणे, पण येतात त्या एकेकट्या. मधला त्या उचलायचा, गोड्या पाण्यात धुवायचा आणि घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर ठोकायचा. नियम एकच: जोड ठोकायचा नाही. चुकून एखाद्या चपलेची जोडीदारीण सापडलीच, तर दोन्ही ज्याला बसतील त्याला देऊन टाकायचा. "त्यांची भेट झाली, आता भिंतीवर काय काम," म्हणायचा.

त्याची बायको, माझी वहिनी, सुरुवातीला कपाळाला हात लावायची. "लोकांच्या भिंतीवर वेली चढतात, माझ्या नशिबी चपला." पण पुढे तीच सकाळी पिशवी घेऊन ओहोटीच्या रेषेने फिरायला लागली. नवरा-बायकोचं ते एकमेकांशी बोलणंच होतं म्हणा. मूल नव्हतं त्यांना. भिंत होती.

बेटावर येणारे हौशी लोक असल्या गोष्टींना भुकेलेले असतात. निळं पाणी त्यांनी सगळीकडे पाहिलेलं असतं. चपलांची भिंत कुणी पाहिलेली नसते. ते यायचे, भिंतीपुढे उभे राहायचे, आणि एकेक चप्पल निरखत बसायचे. मधला खिडकीतून बघायचा आणि लाजायचा.

मग तो आजारी पडला. वहिनी त्याला घेऊन पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात गेली. परत आले तेव्हा भिंतीवर नुसती खिळ्यांची भोकं. थोरल्याने माणसं लावून सगळ्या चपला आपल्या जेवणघरात नेऊन ठोकल्या होत्या. "उन्हापावसात कुजल्या असत्या, सांभाळायला आणल्या," म्हणाला. बरं बाबा, सांभाळायला. मधला वहिनीच्या खांद्याचा आधार घेत बघायला गेला. मीही बरोबर होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. थोरला पाहुण्यांच्या टेबलाशी उभा राहून सांगत होता, की लहानपणी त्याला पहिली चप्पल कशी सापडली, आणि तेव्हापासून हा छंद त्याने कसा जपला. मधला दारात उभा. थोरल्याने त्याला बघितलं. बघून गोष्ट तशीच पुढे चालू ठेवली.

 घरी आल्यावर मधला एवढंच म्हणाला, "रंगाला रंग बघून जोड्या लावल्यात गं त्याने." त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. डॉक्टरांनी काय ते कारण सांगितलं. मला विचारलं असतं तर मी दुसरं सांगितलं असतं.

वहिनी लोकांसमोर रडली नाही. एक दिवस सकाळी टपरीवर आली, तिथे चहा पीत बसलेल्या चार प्रवाशांना म्हणाली, "बेटावरच्या विचित्र जागा बघायच्यात? चला." मी म्हटलं, दुःखात माणूस काहीतरी धरतो, बरं झालं. मला वेडीला काय माहीत तिच्या डोक्यात काय आहे.

पहिलं ठिकाण, नुसता जिना. घर कधीच पडलं, जिना उभा आहे, वर चढलं की आभाळ. दुसरं, बंद पडलेल्या टेलिफोनचं खोकं, त्यात एक कोंबडी अंडी घालते आणि कुणी दार उघडलं तर चिडते. तिसरं, भरतीत टपापर्यंत बुडणारी बस. चौथा आमचा न्हावी, ज्याने आरसा काढून तिथे खिडकी पाडली. गिऱ्हाईक समुद्र बघत बसतं आणि केस कसे कापले ते घरी गेल्यावर कळतं. आणि मग ती सगळ्यांना थोरल्याच्या घरासमोर रस्त्यावर उभं करायची.

"हे पाचवं. वर गॅलरीत खुर्चीवर बसलेत ते माझे थोरले दीर. माझा नवरा दवाखान्यात असताना यांनी त्याच्या भिंतीवरच्या चपला काढून आणल्या आणि स्वतःच्या म्हणून दाखवतात. खालच्या खिडकीतून बघा, जोड्या लावल्यात. माझ्या नवऱ्याने एकही जोडी ठोकली नसती. सावकाश बघा, घाई नाही."

आवाज कसा, तर कोंबडीबद्दल सांगताना होता तसाच. थोरल्याला वरून शब्द ऐकू येत नव्हते. त्याला वाटलं, वहिनी आपल्या दारात फुकट गिऱ्हाईक आणतेय. तो हसला. हात हलवला. खालच्या सगळ्यांनी परत हात हलवला आणि फोटो काढले. आठवडाभर हेच. मला टपरीत हसून हसून ठसका लागायचा.

मग त्याच्याच टेबलावर जेवता जेवता एका पाहुण्याने विचारलं, "ते पाचवे तुम्हीच का?"

तिथून त्याची पळापळ सुरू झाली. खुर्ची मागच्या अंगणात नेली. वहिनी लोकांना वाळूवरून मागे घेऊन आली. त्याने कुंपणाला उंच झाडं लावली, वहिनी सांगायला लागली, "ही झाडं त्यांनी लाजेने लावली." मग थोरल्याने बंदराच्या साहेबाकडे तक्रार केली. साहेब म्हणाला, रस्ता सगळ्यांचा आहे, पण बाई खोटं बोलत असेल तर सांगा. थोरला तोंडात मारल्यासारखा परत आला. शेवटी त्याने चपला गाडीत भरून वहिनीच्या दारात पाठवल्या. तिने गाडी तशीच वळवली. "ठोकणारा परत पाठवा, मग चपला घेते."

मग तो नाक मुठीत धरून माझ्याकडे आला. "तू सांग तिला. काय हवंय काय तिला?"

मी गेले. वहिनी भांडी घासत होती. म्हणाली, "काही नको. चपला माझ्या नवऱ्याच्या आहेत, एवढं त्यांनी स्वतःच्या तोंडाने लोकांसमोर म्हणावं. तो दारात उभा असताना जेवढ्या मोठ्याने बोलत होते, तेवढ्याच."

दुसऱ्या दिवशी ती लोकांना घेऊन आली तेव्हा थोरला रस्त्यावर उतरून उभा होता. मी टपरी तशीच टाकून गेले होते. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोलला मात्र हळू आवाजात.

"त्या माझ्या नाहीत," तो म्हणाला. "भावाच्या आहेत. तो आजारी होता तेव्हा मी आणल्या. तो दारात येऊन उभा राहिला, तरी मी खोटंच बोलत राहिलो."

हे शेवटचं त्याला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवासी खाली बघायला लागले. एका बाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोरल्याने चेहरा पुसला आणि वहिनीकडे बघितलं. "झालं आता? मिटलं?"

"चांगलं बोललात, भावोजी," वहिनी म्हणाली. "पण ही माणसं आज संध्याकाळच्या बोटीने जातील. उद्या येणाऱ्यांनी हे ऐकलेलं नाही. उद्या याच वेळेला खाली या."

थोरल्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी ज्याच्या पाठीवर बसून भरतीच्या पाण्यातून जायची, तोच हा माणूस. दया यावी म्हणून मी क्षणभर वाट बघितली. नाही आली.

"दादा," मी म्हटलं, "उद्या जरा मोठ्याने बोल. मागच्यांना ऐकू येत नव्हतं."