परिपाठानंतरचं गेट

"गेट उघड, सूनबाई."

मामाजी गाडीवर बसूनच बोलले. मागं त्याहिची नात, चौथीतली, दप्तर छातीशी धरून. आत परिपाठ सुरू झाला होता. परिपाठ म्हनजे सकाळची प्रार्थना, प्रतिज्ञा, मंग एखाद्या पोराची गोष्ट. तो सुरू झाला की गेटाले कुलूप, कोनी असो, हा मोठ्या मॅडमचा नियम. चाबी माह्याजवळ. कडेवर माहा बारका पोरगा, डोक्यावर पदर.

मी शाळेत खिचडी शिजवतो. कागदावर मदतनीस लिहून हाये, पोट्टे मावशी म्हनतात. सौंदड टेशनपासून ऑटोनं या लागते, असं आमचं गाव. मामाजी माहे सख्खे सासरे नाई. पन गावात सासऱ्याच्या वयाच्या मानसाले आमी मामाजीच म्हनतो, आन सून त्याहिच्यापुढं तोंड वर करून बोलत नाई. त्यात ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष. खिचडीवाली कोन ठेवाची, ते समितीच ठरवते. माहा मानूस ट्रकवर, पंधरा-पंधरा दिस रायपूरकडं. हे काम गेलं असतं तं मले रोवन्याले, धानाची रोपं लावाले जा लागलं असतं, दिसभर बांधीतल्या, म्हनजे धानाच्या वावरातल्या पान्यात. बारका अंगावर पीत होता. त्याले कुठं ठेवलं असतं?

"मामाजी, घंटी झाली," मी म्हटलं.

"तं काय झालं? माही नात हाये."

"बसन ना ते पडवीत."

"पडवीत? त्या लेटवाल्या पोट्ट्यात?"

पडवी म्हनजे माही पडवी. खिचडीची खोली गेटाच्या भायेर, समाजमंदिराले लागून. उशिरा आलेल्यानं पहिला तास होतपर्यंत तिथं बसाचं आन मले धडा वाचून दाखवाचा. मारनं नाई, कान धरनं नाई. मी सुपात तांदूळ निवडाची आन ते वाचाचे. आठवीत माही शाळा सुटली. मंग इतिहास, भूगोल, कविता, सगळं त्या पडवीत आयकलं. एखाद्या दिवशी कोनीच लेट नाई आलं तं मले करमत नाई जाय.

"तुही पोट्टी असती तं?" मामाजीनं इचारलं.

"माही पोट्टी मंगळवारी बसली ना, मामाजी. रडली बी."

त्याहिनं गाडी वळवली. नातीले घरी घेऊन गेले. पोरीची शाळा बुडाली. जाता जाता म्हनले, "समितीत पाहतो तुहं."

मधल्या सुट्टीत मी मॅडमले सांगितलं. मोठ्या मॅडम गोंदियावरून रोज रेल्वेनं येत.

"बरोबर केलंस तू," त्या म्हनल्या.

"मॅडम, तुमी बदलून जासान. मी इथंच राहीन."

त्याहिनं डब्बा तसाच झाकून ठेवला.

मंग तो दिवस आला. मॅडमची रेल्वे मागं कुठं तरी थांबून राहिली. आत गुरुजीनं परिपाठ सुरू केला. मी कुलूप लावलं. पडवीत तीन पोट्टे येऊन बसले. तिघाच्याबी आया रोवन्याले गेलेल्या. समोर पानठेल्यावर मामाजी उभे, संग दोघं जन. एकाच्या हातात मोबाईल.

"सूनबाई, आज तुही मॅडमच लेट हाये वं," मामाजी हासले. "पाहू आता तुहं कुलूप. व्हिडिओच काढतो आमी."

उघडलं तं मामाजी खरे ठरतात, आन माही नोकरी गेलीच समजा. नाई उघडलं तं साऱ्या गावापुढं मॅडमची इज्जत जाते. त्या चिडल्या तं नोकरी तशीबी जाते. बारका रडाले लागला. त्याले काई झालं नोहतं, मीच त्याले गच्च दाबून धरलं होतं.

ऑटो थांबला. मॅडम धावतच आल्या, चष्म्यावर घाम.

"उघड गं लवकर."

मी जागची हालली नाई. "मॅडम, घंटी झाली."

"काय?"

"परिपाठ सुरू झाला, मॅडम."

त्याहिनं माह्याकडं असं पाह्यलं की मले वाटलं, सरलं. मंग पानठेल्याकडं पाह्यलं. मोबाईल दिसला. तोंड लाल झालं. मंग चपला काढल्या आन पडवीत पोट्ट्याच्या बाजूले मांडी घालून बसल्या.

तिसरीतल्या एका पोरीनं आपलं पुस्तक त्याहिच्यापुढं सरकवलं. "मॅडम, मावशीले वाचून दाखवा लागते."

मॅडम वाचाले लागल्या. मंधातच पोरगी म्हनली, "असं नाई. बोट ठेवून वाचा."

पानठेल्यावरचे दोघं फिसकन हासले. मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात टाकला. मॅडमनं बोट ठेवलं आन सारा धडा वाचला. मी तांदूळ निवडून राहिली होती, पन खडा कोनता आन दाना कोनता, मले काईच दिसत नोहतं.

तास झाल्याची घंटी झाली. मी कुलूप काढलं. मॅडम उठल्या. "अध्यक्ष, आता बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

मामाजी पानठेल्यावरून अलीकडं आले. आवाज पयल्यासारखा नोहता. "रोवन्याचे दिस हायेत, मॅडम. बाया पहाटेच बांधीत जातात. पोट्ट्याचं आवरून देनार कोन?"

"त्या दिवशी तुमच्या नातीची आई बांधीत होती?"

"नाई. ते उठलीच नाई."

"मग तेव्हा फक्त नातीसाठी गेट उघडायला सांगितलंत. आज सगळ्यांसाठी जे बोललात ते पहिल्या दिवशी बोलला असतात, तर मी पहिल्याच दिवशी ऐकलं असतं."

त्याच हप्त्यात मीटिंग झाली. रोवना होतपर्यंत परिपाठ अर्धा घंटा उशिरा, साऱ्याइसाठी. मंग पुन्हा पयल्यासारखा. माह्या कामाची गोष्ट कोनी काढली नाई. मामाजी मातर मले दिवाळीपर्यंत बोलले नाई. नात रोज येळेवर येऊ लागली.

दुसऱ्या वर्षी मॅडमची बदली झाली. आता नवे सर हायेत, मानूस चांगला. एकाले नाई म्हनवत नाई त्याहिले, मंग दुसऱ्यालेबी म्हनता येत नाई. गेट दिसभर उघडंच राहते. पोट्टे कवाबी येतात, बकऱ्याबी येतात. पडवीत मी एकटीच तांदूळ निवडतो, वाचून दाखवाले कोनी नाई. कुलूप लावनारीले दोन्हीकडून बोलनी बसतात, हे मी पाह्यलं हाये. पन एकदा एकाच्या नावानं उघडलं, तं मंग कोनाच्याच नावानं लावता येत नाई.