त्रेसष्ट नंबरला न पोचलेला निरोप

रुमानियातल्या सिबीऊच्या खालच्या पेठेत, दगडी जिन्याखालच्या खोलीत, ऑर्टविन ग्राफ लोकांच्या सुट्ट्या आखत बसतो. दोन दिवस शहर, एक दिवस भोवतालची खेडी, संपला विषय. यात काय मोठंसं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा आपल्या अकलेनं जाऊन बघावं. बंद चर्चच्या दारापुढे कोंबड्या मोजत उभं राहावं लागतं, मग कळतं. आमच्या सॅक्सन, म्हणजे इथे शेकडो वर्षं राहिलेल्या जर्मनांच्या, खेड्यांत आमची माणसं उरलेली नाहीत. नव्वद साली गावंच्या गावं जर्मनीला निघून गेली, मागे राहिली ती तटबंदीची चर्चं आणि एकेक किल्ली. ती किल्ली कुठल्या घरी खुंटीला आहे, ती सांभाळणारी बाई दहाला दाणे टाकते म्हणून सव्वादहाच्या आत दार वाजवायचं नाही, गुडघे धरलेल्या पाहुण्याला बुरुजाच्या कितव्या पायरीवर बसता येईल, हे सगळं ऑर्टविनला तोंडपाठ. सहलीच्या आदल्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन तोच रस्ता फिरून येतो आणि वेळा लिहितो. त्याच्या कागदावर अकरा दहा असेल, तर अकरा दहालाच किल्ली हातात पडते.

पण एक गाव त्याच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. होल्ट्सबाख.

जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. चर्च देखणं, बुरूज शाबूत. तरी याच्या गाड्या टेकडीला वळसा घालून पलीकडच्या गावाला जायच्या, अठरा किलोमीटर जास्त. कुणी विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, "रस्ता खराब आहे."

"कुठला खराब?" वीओरिका म्हणायची. ती समोरच्या टेबलावर फोन घेते, पंधरा वर्षं झाली, त्याला नेआ, म्हणजे दादा, म्हणते, आणि तिच्या जिभेला हाड नाही. "नेआ ऑर्टविन, त्या रस्त्यावर डांबर पडून सात वर्षं झाली. सासरवाडी आहे का तुमची तिथे, तोंड चुकवायला?"

"तू तुझं काम कर, बाई."

"करतेय की. पण काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात ते हेच."

तिला बिचारीला काय माहीत, कळसा खरोखरच होता. काखेत नव्हे, त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात, आईच्या जुन्या ॲप्रनच्या फडक्यात गुंडाळलेला.

ती होती शेजारपाटी. तळहाताएवढी, लाकडाची, बदामाच्या आकाराची. गल्लीत कुणी गेलं की शेजाराचा, म्हणजे गल्लीतल्या घरांच्या मंडळाचा, म्होरक्या ती पहिल्या घरी द्यायचा. त्या घरानं पुढच्या फाटकावर तीन टकटक करून निरोप सांगायचा आणि पाटी हाती द्यायची, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. पाटी हातात आली की खड्डा खणायला आणि खांदा द्यायला घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. लग्न असो, कापणी असो, सबब चालायची नाही. आणि पाटीनं कुणाच्या घरात रात्र काढायची नाही. हा नियम तर शेंबडं पोरही सांगायचं.

ऑर्टविनकडे तिनं तेहेतीस वर्षांच्या रात्री काढल्या होत्या.

जून नव्वद. तो तेव्हा बावीसचा. बासष्ट नंबरचं घर रिकामं करून झालं होतं, ट्रक फाटकात उभा होता, दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडायचीच, परवान्यावर तारीख होती. दुपारी चार वाजता फाटकावर तीन टकटक झाली. मागच्या घरचा माणूस पाटी घेऊन उभा. "अठ्ठावन्नची रेगीना तांते गेली. परवा दोन वाजता."

रेगीना तांते! ऑर्टविनची आई सामुदायिक शेतावर राबायला जायची तेव्हा हा पोरगा या तांतेच्याच, म्हणजे मावशीच्याच, चुलीपाशी वाढला. चर्चची घंटा तीच वाजवायची. रविवारी ती त्याला बुरुजात न्यायची, तिथे घराघराचं खारवलेलं डुकराचं मांस टांगलेलं असे, आणि आपल्या तुकड्यातली पहिली कापटी त्याच्या तोंडात कोंबायची. तिचा मुलगा कधीच जर्मनीला गेला होता. ती हटून बसली होती. "मी आले तर घंटा कोण, तुझा बाप वाजवणार?" म्हणायची. "तू जा, ऑर्टी. पण मला खांदा देऊन मग जा हो, मेल्या."

खांद्यासाठी थांबावं तर तारीख हुकणार. पाटी पुढे न्यावी तर त्रेसष्टवाला विचारणार, तू येतोस ना? आई म्हणाली, "आधी देऊन ये पुढे, मग बघू." तो गेला. त्रेसष्टच्या फाटकापर्यंत गेला, हात वर केला. तेवढ्यात ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. ऑर्टविननं पाटी खिशात घातली आणि ट्रकात चढला.

"दिलीस?" आईनं विचारलं.

"दिली."

एवढंच घडलं. पुढच्या तेरा घरांना निरोप गेला नाही. एरवी घंटेनं कळलं असतं, पण घंटा वाजवणारीच गेली होती आणि जो तो आपापली गाठोडी बांधत होता. पुढे न्यूरेंबर्गला म्होरक्याचं पत्र आलं. पाटी तुमच्यापुढे गेली नाही, धांदलीत कुठे पडली असेल. तुमच्या आधीच्या घरांत आम्ही तिघे म्हातारेच उरलो होतो. खांदा द्यायला चौथा नव्हता, म्हणून हातगाडीवरून नेली. बाकी क्षेम.

पत्रात आरोप नव्हता. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

मग टकटक सुरू झाली. न्यूरेंबर्गच्या कारखान्यात, दुपारी चारला, कपड्यांच्या कपाटाच्या पत्र्यावर. तीन. बारा वर्षांनी तो परत सिबीऊला आला. लोक विचारत, सोन्यासारखी नोकरी सोडून कशाला आलास? तो म्हणे, हवा मानवली नाही. टकटक त्याच्या मागोमाग आली. दार उघडावं तर बाहेर कुणी नाही. वीओरिकाला कधी काही ऐकू आलं नाही. ती एवढंच बघे की चारच्या सुमाराला नेआ ऑर्टविन उठतात, दार उघडतात, रिकाम्या जिन्याकडे बघत उभे राहतात आणि परत येऊन बसतात. "पोस्टमन सकाळी येतो हो," ती आधी आधी म्हणायची. मग तिनं थट्टा सोडली. तिला भीती वाटायला लागली होती.

यंदा सप्टेंबरात एक मेल आली. वीओरिकानं मोठ्यानं वाचली.

"कुणी आल्मुट शुस्टर आहे. दोन दिवस सिबीऊ, तिसऱ्या दिवशी होल्ट्सबाख. ऐका काय लिहिते. 'माझी आजी रेगीना तिथे पुरली आहे. बाबांना तेव्हा जाता आलं नाही, ते मरेपर्यंत त्याच दुःखात होते. आजीला ज्यांनी खांदा दिला त्यांतलं कुणी हयात असेल, तर मला त्यांचे आभार मानायचे आहेत.' घ्या! आता सांगा तिला, रस्ता खराब आहे म्हणून."

ऑर्टविनच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की एक दिवस कुणीतरी येईल आणि गचांडी धरेल. आभार मानायला कुणी येईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"नेआ ऑर्टविन, पाणी देऊ?"

"कळव तिला," तो म्हणाला. "नेतो म्हणावं."

आदल्या दिवशी तो रिवाजाप्रमाणे वेळा टिपायला निघाला. पेन्सिल कानावर, वही मांडीवर, पाटी कोटाच्या खिशात. होल्ट्सबाख आलं तरी वही कोरीच. बासष्टच्या खिडकीत कुणाचे तरी पडदे होते. त्यानं तिकडे नीट बघितलंही नाही. चार वाजत आले होते. त्रेसष्टच्या फाटकापुढे तो उभा राहिला. त्यानं पाटीनं तीन टकटक केली.

हाताचं पीठ पुसत एक बाई आली. सावेता तिचं नाव, रुमानियन, डोंगरापलीकडून आलेली, परक्या पुरुषाला बादे, म्हणजे भाऊ, म्हणणारी. वीस वर्षं त्या घरात राहते.

"काय पाहिजे, बादे? किल्ली एक्केचाळीसला मिळते."

"किल्ली नको. निरोप आहे." त्यानं पाटी पुढे धरली. "अठ्ठावन्न नंबरची रेगीना तांते गेली."

"अगं बाई! अठ्ठावन्नला तर दोरिनचं बिऱ्हाड आहे. कधी गेली म्हणता?"

"तेहेतीस वर्षं झाली."

सावेतानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. प्यायलेला आहे की काय हे तिनं आधी पाहिलं असणार, मी असतो तर मीही तेच पाहिलं असतं. मग ऑर्टविननं सगळं सांगितलं. पाटी काय, नियम काय, ट्रक, हॉर्न, हातगाडी. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही फाटकात उभं राहून, अनोळखी बाईला.

ती म्हणाली, "आणि माती कधी?"

"अं?"

"निरोप आणलात ना? मग माती किती वाजता ते सांगा की."

"उद्या," तो म्हणाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. "दोन वाजता."

"मग द्या इकडे. आणि रडू नका असे दारात, बादे. मेलेल्याला उशीर होत नसतो, जिवंताला होतो." पिठाच्या हातानंच तिनं पाटी घेतली आणि चौसष्टच्या फाटकाकडे चालायला लागली. तिची टकटक त्याला गाडीपर्यंत ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना ऑर्टविननं आल्मुटला दफनभूमीच्या दारात उतरवलं. चाळिशीची, उंच, हातात मेणबत्त्या. आत माणसं उभी होती. तेरा घरांचं घरटी एक तर होतंच, काही घरची अख्खी माणसं आली होती. थडग्यावरचं गवत कापून झालं होतं. सावेतानं मेलेल्याच्या नावानं वाटायची कोलिवा केली होती, उकडलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून, वर साखरेचा क्रूस. सॅक्सन म्हणून त्यांत एक नव्हता.

"ही सगळी कोण माणसं?" आल्मुटनं विचारलं.

"तुमच्या आजीचे शेजारी."

"मग खांदा यांच्यापैकी कुणी..."

इथे गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ऑर्टविननं मूठ उघडली. "कुणीच दिला नाही. हातगाडीवरून नेली. निरोप माझ्याकडे होता, तो मी खिशात घातला."

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मला तुमच्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली, आणि वळून एकेकाचा हात हातात घ्यायला लागली. प्रत्येकाचा, बायकांचा, म्हाताऱ्यांचा.

शेवटच्या घरचा म्हातारा ग्लिगोर लंगडत ऑर्टविनकडे आला. "आमच्यापुढे घर नाही, मग काल संध्याकाळीच नेऊन चर्चच्या पायरीवर ठेवली. घरात ठेवायची नाही म्हणे. ही घे तुझी." त्यानं पाटी याच्या हातात दिली.

पाटी परत करायला म्होरक्या आता कुठला. ऑर्टविननं चर्च उघडून घेतलं, दार लोटलं आणि आतल्या खिळ्याला पाटी टांगली. मग बाकावर बसला. गाव सोडताना जेवढं रडायचं राहिलं होतं तेवढं तो तिथे रडला.

चार वाजले. दारावर टकटक झाली. तीन.

म्हणजे पाटी फिरली, निरोप पोचला, माणसं आली, तरी सुटका नाही? उठू नये असं त्याला वाटलं. पण इतक्या वर्षांची सवय. तो उठला, आणि दार ओढलं.

दाराबाहेर कुणीतरी होतं.

आल्मुट उभी होती. डोळे सुजलेले, हातात कोलिवाची बशी. "त्या बाईंनी तुमच्यासाठी पाठवलीय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आणि मला ऑफिसातून आलेल्या कागदावर चारला निघायचं असं लिहिलंय. मी तुमच्याशी बोलत नाहीये, पण गाडी तुम्हीच चालवणार ना?"