सेलिनच्या बापाचे मन कळविणेबाबत

टाइप करायला बसण्याआधी काका मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डच्या बाजूला पालथं ठेवायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "कागदाचं मागून बघू. आधी तुमच्या मनात काय हाय ते सांगा."

आता कचेरीत अर्ज द्यायला आलेल्या माणसाच्या मनात काय असणार? उत्पन्नाचा दाखला असणार! पण काकांना तेवढ्यानं भागायचं नाही. सातबाऱ्यावर नाव लावायला आलेला माणूस सख्ख्या भावाशी का बोलत नाही, इथपर्यंत ते जाऊन यायचे. मागं रांग खोळंबायची. मी झेरॉक्स मशिनपासून ओरडायची, "काका, आटपा की!" त्यावर शांतपणे उत्तर यायचं, "मन कळल्याबिगर मजकूर बसत नाय, ताई."

संभाजीनगरात एका सरकारी कचेरीबाहेर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अशा दुकानासमोर हातात आधार कार्ड धरून तुम्हीही कधीतरी तिष्ठला असाल, तेव्हा जास्त वर्णन करत नाही. काका माझ्याकडं पंधरा वर्षं होते. त्याआधी टाइपरायटर घेऊन समोरच्या लिंबाखाली बसायचे. गाव खुलताबादच्या पलीकडं. वडील मेंढरं राखायचे, काका शिकले आणि अर्ज लिहायला लागले. त्या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान!

त्यांची लेक एकुलती एक. कॉलेज सुटलं की दुकानात यायची, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून मराठी टायपिंग करायची. बघता बघता बापाच्या पुढं गेली. सिल्लोडचा एक मुलगा तिला आवडायचा, हे मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, लाजत, अर्जांना स्टेपल मारता मारता.

काकांना कळलं तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. तिचा मोबाइल काढून घेतला, घरातल्या लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं. महिन्याभरात वैजापूरचं स्थळ ठरवून लग्न लावून दिलं. घर चांगलं, कांद्याचा व्यापार, शेती. अख्ख्या जिल्ह्याला मन विचारणाऱ्या या माणसानं पोटच्या पोरीला तेवढं विचारलं नाही. आणि मी? मी लग्नात दोन वेळा बुंदी वाढून घेतली. तेव्हा मला शहाणपण शिकवायचा हक्क नाही, हे आधीच सांगून टाकते.

लग्नानंतर तिनं बापाशी बोलणं टाकलं. काकांनी फोन केला की पलीकडून फक्त, "आईला द्या." माहेरी आली तर स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. दोन वर्षं. काका ते कुणाला सांगायचे नाहीत, पण एखाद्या पोरीचा बापाविरुद्ध अर्ज आला की त्यांची बोटं अडखळायची. मला दिसायचं.

मग एके दिवशी दुपारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मला तिची गोष्ट सापडली. गोष्टींच्या एका वेबसाइटवरचं तिचं खातं तिथं उघडंच राहिलं होतं. कुठलीशी परदेशी जादूगारांची मालिका आहे. तिच्यातली माणसं उचलायची आणि त्यांची आपल्याला हवी तशी गोष्ट लिहायची, असं जगभरातली पोरंपोरी करतात. फॅन फिक्शन म्हणतात. तर ही बाई टोपणनावानं मराठीत लिहीत होती. सेलिन नावाची जादूगारीण, ओरिन नावाचा जादूगार, दोघांचं प्रेम, मध्ये एक दुष्ट मांत्रिक. लग्नाआधी सुरू केलेली गोष्ट वैजापूरहूनही चालूच होती. चव्वेचाळीस भाग! मी गिऱ्हाईक सोडून वाचत बसले.

मला राहवलं नाही. काकांना बोलावलं. "तुमची लेक लिहिते, बघा."

त्यांनी चष्मा पुसून दोन ओळी वाचल्या आणि घाबरलेच. "जादूटोणा? अहो ताई, त्याच्यावर कायदा हाय! पोरीला कळत नाय व्हय?"

मी पोट धरून हसले. पण त्या दिवसापासून काका जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे आणि सेलिन वाचायचे. भाकरी तशीच हातात. "हा ओरिन तिच्यावर एवढा जीव टाकायलाय, मग बोलत का नाय?" मी म्हणायची, त्याला नाकारलं जायची भीती वाटते. "हां. बसतं," म्हणून ते पुढं जायचे. एकदा डोळे पुसत म्हणाले, "त्या दुष्ट मांत्रिकाला बी आई नव्हती हो. म्हणून तसा झाला. पोरीनं त्याचं बी मन लिहिलंय बघा."

नवव्या भागात सेलिनचा बाप आला. तोही जादूगार. तो येतो, तिची जादूची कांडी काढून घेतो, कपाटात ठेवतो, कुलूप लावतो, निघून जातो. कपाटाची मूठ तुटलेली असते, तिथं लाल चिंधी बांधलेली असते.

काका पडद्याकडं बघत राहिले. "ही चिंधी आमची हाय," म्हणाले. "हिच्या आईच्या झंपराची. मीच बांधली."

पुढचे सगळे भाग त्यांनी धुंडाळले. बाप परत कुठं नाही. का केलं त्यानं, करताना त्याला काय वाटलं, काही नाही. "त्या खवीस मांत्रिकाला मन दिलं," ते मला म्हणाले, "घोड्याला दिलं. बापाला एक ओळ नाय." मी त्यांच्यापुढं चहा सरकवला.

त्यांनीच मग विचारलं, "ताई, वाचणाऱ्याला इथं काही लिहिता येतं का?" मी त्यांना खातं काढून दिलं. नाव ठेवलं 'एक वाचक'. पहिला अभिप्राय त्यांनी टाइप करून मला दाखवला आणि मी कपाळावर हात मारला. वर विषय, मग 'महोदया', खाली ठिकाण, दिनांक!

"काका, हा अर्ज नाही! माणसासारखं लिहा."

"हात तसाच जातो हो," ते ओशाळून म्हणाले. मी वरचं-खालचं कापलं आणि पाठवलं. पुढं तीच रीत पडली. ते लिहायचे, मी कापायची.

आणि तिचं उत्तर यायला लागलं! 'धन्यवाद, वाचक काका.' काका! लिहिण्यावरून वय ओळखलं असणार. दोन वर्षांत बापाला 'आईला द्या'पलीकडं एक शब्द नाही, आणि इथं ओरिन गप्प का राहतो यावर ही पोरगी त्यांना दहा-दहा ओळी लिहायची. काका त्या ओळी पाठ करायचे. बसमध्ये पुटपुटत बसायचे म्हणे. मी म्हटलं, सांगून टाका ना कोण आहात ते. त्यांनी दोन्ही हात जोडले. "नको. कळलं की बोलायची बंद होईल." बरोबरच होतं. आणि असं फार दिवस चालणार नाही, तेही दिसत होतं. काय करावं ते ना त्यांना कळत होतं ना मला.

शेवटी त्यांनी विचारायचं ते विचारलंच. सेलिनच्या बापाचं मन का लिहिलं नाही?

तिचं उत्तर आलं. 'कारण मला ते माहीत नाही, काका. तो कधी बोललाच नाही. जे कळलं नाही ते खोटं कसं लिहू? तुम्हीच सांगा, का केलं असेल त्यानं?'

हे आलं त्या दिवशी दुकानात नुसती झुंबड होती. प्रवेशाचे दिवस. दाखल्यांसाठी पोरं आणि त्यांचे आईबाप पार रस्त्यापर्यंत. मशिन कागद गिळून बसलेलं. काका माझ्याकडं येऊन म्हणाले, "ताई, जरा बघता का, काय लिहू?" मी खेकसले, "तुमच्या मनातलं लिहा आणि द्या पाठवून! मला मरायला फुरसत नाही." खेकसायला नको होतं. अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्यांनी घड्याळ काढून ठेवलं आणि लिहिलं. मी संध्याकाळी वाचलं ते असं.

'विषय : सेलिनच्या बापाचे मन कळविणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून कळवितो की, सदर इसमाची त्या मुलाविषयी कोणतीही तक्रार नव्हती. मुलगा चांगला होता. सदर इसम भावकीला भ्याला. चार लोक काय म्हणतील याला भ्याला. मुलीस विचारले असते तर ती खरे बोलली असती आणि मग नाही म्हणता आले नसते, म्हणून विचारले नाही. कपाटाची किल्ली आजतागायत सदर इसमाच्या खिशात आहे. तो माफीस पात्र नाही. तरी विचार व्हावा, ही विनंती.'

त्याखाली ठिकाण. दिनांक. आणि त्याखाली, तीस वर्षांच्या सवयीनं, सही म्हणून स्वतःचं पूर्ण नाव.

"काका, हे काय केलंत? नाव!"

त्यांनी वाकून पाहिलं. "हात गेला," एवढंच म्हणाले.

"थांबा, खोडते." मी माऊस धरला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"राहू द्या," ते म्हणाले. "खरं हाय ते."

मग नुसती वाट बघणं. काका सकाळी आले की आधी दुसरा कॉम्प्युटर लावायचे. नवा भाग नाही, उत्तर नाही. घरच्या फोनवर आईलासुद्धा ती काही बोलली नाही. मी तिचा नंबर दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. मी कोण सांगणारी? आणि सांगणार तरी काय? त्यांनी सगळं लिहिलंच होतं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. 'अर्ज नामंजूर.'

दोनच शब्द. पोरगी अर्ज टाइप करत मोठी झालेली, तिला शब्द शोधावे लागले नसणार. मला रडूच फुटलं. काका मात्र मलाच समजावायला लागले. "रडायचं काय त्यात, ताई? शेवटपर्यंत वाचला म्हणून तर नामंजूर केला. न वाचताच फाइलला लावतात लोक."

त्यानंतर त्यांचं मन कामातून उडालं. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, अक्षरं दिसेनाशी झाली, ऑपरेशनला ते चालढकल करत राहिले. दिवाळीनंतर नवराबायको गावाकडं गेले ते गेलेच. आता त्यांच्या खुर्चीवर एक मुलगी बसते. चटचट काम करते, कुणाला काही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात सेलिनचा नवा भाग आला. किती महिन्यांनी! मी तिथल्या तिथं वाचून काढला आणि मग काकांना फोन लावावा की नाही, यात दुपार घालवली. शेवटी लावला.

"काका, नवा भाग आलाय."

पलीकडं कोंबड्यांचा कालवा. मग त्यांचा आवाज. "बाप हाय का त्यात?"

खोटं बोलावंसं लई वाटलं. "नाही, काका."

"बरं." त्यांनी कोंबड्या हुसकावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "तरी वाचा. ती कशी हाय, तेवढं तरी कळंल."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि वाचायला लागले.