आजीचा चालता हात

अन्याय माझ्या आजीवर झाला. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी डॉक्टरांची फेरी झाल्यावर, सांगलीच्या एका दवाखान्यात नर्सनं तिचा डावा हात खाटेच्या दांडीला बांधला. झटक्यानं तिची वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी पडली होती. उरला होता तो हाच एक हात. सारखा हलतोय, सलाईनची सुई निघतेय, म्हणून तोही जखडला. मी मोर्चात घोषणा देणारी, पत्रकं लिहिणारी. नर्सशी भांडले, डॉक्टरांशी भांडले, शेवटी देवाशीही. आई म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलत होती. मी म्हणाले, "विचार तुझ्या नाथाला, जन्मभर राबलेल्या बाईची बोलतीच न्यायची होती का?"

इस्लामपूरकडच्या सूतगिरणीत आजीचा जन्म गेला. आमच्या गल्लीतनं गिरणीत जाणारी ती पहिली बाई. सुरवातीला शेजारणी पदराआड हसायच्या, "चालली बघा साहेबीण!" पुढं त्याच आपापल्या लेकींना घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या, "आवं, हिलाबी चिकटवा की." पाळी संपवून घरी यायची तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू असायचे आणि ती ताठ चालायची. अशा बाईला मी त्या खाटेवर गोठ्यातल्या गाईसारखी बांधलेली बघत होते. मनातनं मी तिला निरोपही देऊन टाकला होता.

दुपारी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला डबा घेऊन एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला. नाव शमीमचाची. डबा ठेवता ठेवता तिची नजर आजीच्या बोटांवर गेली आणि ती माझ्यावरच खेकसली.

"आगं, हात कशाला बांधला? बाई बोलतीया की!"

आजी ज्या गिरणीत होती, त्याच गिरणीत, पलीकडच्या खात्यात चाचीची उमर गेली होती. मशीनच्या घरघरीत तोंडचा शब्द कानाला लागत न्हाई, म्हणून बाया हातानंच बोलायच्या, असं तिनं सांगितलं. मी नर्सला बोलावून आणलं. सुई पायाला लावून तिनं पट्टी सोडली. आजीची बोटं उडाली. चाची बघत राहिली आणि खुदकन हसली.

"पाणी मागतीया. आन् म्हणतीया, ह्या पोरीला जरा गप कर. सकाळपास्नं भाषण चाललंय."

मी गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी मारूनमुटकून नव्हे, आपणहून. मग आजीनं चिमटीत काहीतरी धरून पीळ दिला आणि हात पुढं सरकवला. चाचीचा आवाज उतरला. "सूत तुटलं तर सांधायचं, मशीन थांबवायचं न्हाई."

चाचीला कुणी पाठवलं, मला ठाऊक नाही. आई म्हणते, नाथानं. यावर मी वाद घालत नाही. त्या दुपारी माझ्या घोषणा कामी आल्या नाहीत, हे मात्र खरं. हातातलं सगळं सुटल्यावर मी गप्प बसले, तेव्हाच मला आजी ऐकू आली.

मार्गशीर्षात आम्ही तिला म्हसवडला नाथाच्या रथाच्या जत्रेला नेलं. गुलाल, ढोल आणि "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" कानाशी ओरडलं तरी कुणाचं कुणाला कळत नव्हतं. चाकाच्या खुर्चीतनं आजीनं डावा हात उचलला आणि विचारलं, तू जेवलीस का? चाचीकडनं शिकलेल्या खुणेनं मी सांगितलं, व्हय. त्या गर्दीत बोलणं चाललं होतं ते आम्हा दोघींचंच. माझी मान तिच्याइतकीच ताठ झाली होती.

तुमच्या घरात, शेजारात कारखान्यातनं निवृत्त झालेली एखादी म्हातारी असेलच. हे वाचून झालं की उठा. तिच्यापुढं जाऊन बसा, तोंड बंद ठेवा आणि तिचे हात बघा. उद्या नाही, आत्ता.